‘कॉग्निशन इन द रफ’साठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जात काय लिहायचं

मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करणाऱ्या आणि ‘संस्थेतली माणसं विचार कसा करतात’ असा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची आपल्याकडे एक हमखास पंचाईत होते. गाइड एचआरचे असतात, समितीतले एक सदस्य फायनान्सचे आणि दुसरे मार्केटिंगचे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण करावं लागतं, आणि ते होतंही. पण तिथे प्रश्न येतो तो ‘सॅम्पल साइझ किती?’ हा. कल्पनेतच कुठे गोची आहे, हे सांगणारा माणूस त्या खोलीत बहुधा नसतो.

अशा कच्च्या अवस्थेतल्या कामासाठीच अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट या १९३६ साली स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात ‘कॉग्निशन इन द रफ’ नावाची कार्यशाळा होते. ती भरवतो संस्थेचा मॅनेजेरियल अँड ऑर्गनायझेशनल कॉग्निशन विभाग (व्यवस्थापक आणि संस्था विचार कसा करतात, याचा अभ्यास करणारा), थोडक्यात एमओसी. स्वरूप अगदी साधं आहे. छोट्या छोट्या टेबलांभोवती काही संशोधक आणि त्यांच्यासोबत या विषयात मुरलेले मार्गदर्शक बसतात आणि एकेकाच्या अर्धवट कामावर बोलतात.

विषय बसतो का?

पात्रतेची खरी अट हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबू. या क्षेत्राचं एक मूळ हर्बर्ट सायमन यांच्याकडे जातं. माणसाची माहिती, वेळ आणि बुद्धी या सगळ्यांनाच मर्यादा असते, म्हणून संस्थेतले निर्णय ‘सर्वोत्तम’ नसतात, ‘पुरेसे बरे’ असतात, ही त्यांची मांडणी. १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. दुसरं ठळक नाव कार्ल वाइक. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या मान गल्च इथे १९४९ साली वणवा विझवायला गेलेल्या तुकडीसह १३ जण गेले. वणवा अंगावर येत असताना तुकडीच्या प्रमुखाने समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळलेल्या जागेत शिरायला सांगितलं. कुणीच ऐकलं नाही. तो मात्र त्या राखेत पडून वाचला. तुकडीला आपण कुठल्या प्रसंगात आहोत याचा अर्थच लागेनासा झाला आणि त्यासोबत तुकडीची घडीही कोसळली, असं विश्लेषण वाइक यांनी १९९३मध्ये केलं.

तुमचा प्रश्न लक्ष, अर्थ लावणं, सामूहिक स्मृती, ओळख किंवा निर्णय यांपैकी कशाशी तरी भिडत असेल, तर विषय बसतो. नुसतं ‘कर्मचाऱ्यांचं समाधान’ मोजत असाल तर तो इथला नाही.

अर्ज पीएचडीचे विद्यार्थी करू शकतात, तसेच नवे-जुने प्राध्यापकही. काम सुरुवातीच्या टप्प्यावर असणं मात्र महत्त्वाचं. नियतकालिकाकडे परीक्षणाला गेलेला लेख इथे आणण्यात अर्थ नाही. तिथे आता परीक्षक काय म्हणतात त्याचीच वाट पाहायची.

प्रक्रिया

अधिवेशनाचे मुख्य निबंध जानेवारीतच ऑनलाइन द्यावे लागतात. या कार्यशाळेचं आवाहन वेगळं निघतं, त्यामुळे जानेवारी हुकला म्हणून निराश होऊ नका. तारीख, पानांची मर्यादा आणि अर्ज कुठे पाठवायचा हे त्या वर्षीच्या आवाहनात असतं आणि तेच प्रमाण मानायचं. सीनिअरने दिलेली गेल्या वर्षीची पीडीएफ फक्त नमुना म्हणून बघा. निवड झाली तरी अधिवेशनाची नोंदणी आणि तिचं शुल्क स्वतंत्र. सभासदत्वात विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा वर्ग आहे. सभासद होताना विभाग निवडायला सांगतात, तिथे एमओसी निवडून ठेवा.

अर्ज म्हणजे काही पानांचं टिपण: प्रश्न काय, तो कुठल्या चर्चेत बसतो, काय पुरावा आहे किंवा जमवणार आहात आणि कशावर मदत हवी. आपली मुलं गोता खातात ती या शेवटच्या मुद्द्यावर. प्री-सिनॉप्सिसला, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाला, उणिवा झाकायची सवय लागलेली असते, म्हणून इथेही सगळं चकाचक करून पाठवतात. पण टेबलावरच्या माणसांना तुमची अडचण कळली नाही तर ते बोलणार कशावर?

एक उदाहरण घेऊ. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि आठवडाभरातच १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून ती शिथिल केली. समजा, तुम्ही सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या सहकारी साखर कारखान्यांची संचालक मंडळं त्या आठवड्यात काय विचार करत होती ते अभ्यासताय. ‘नेतृत्वाच्या विचारसरणीचा इथेनॉलविषयक निर्णयांवर होणारा परिणाम’ असं लिहिलंत तर वाचणारा मान डोलावेल आणि पुढच्या अर्जाकडे वळेल.

त्याऐवजी असं लिहा: ‘सारख्याच गाळप क्षमतेचे दोन कारखाने. एका मंडळाला बंदी तात्पुरती वाटली, दुसऱ्याला धोरणच फिरलं असं वाटलं. हा फरक लक्ष कुठे होतं याचा, की अर्थ कसा लावला याचा? माझ्याकडे बैठकांची इतिवृत्तं आहेत, पण ती नंतर लिहिलेली आणि सर्वांनी मंजूर केलेली आहेत. अशा कागदावरून त्या वेळचा विचार वाचता येतो का? की मुलाखतींशिवाय गत्यंतर नाही?’ यात सिद्धान्ताची अडचण आहे आणि पुराव्याचीही, शिवाय दोन्हींवर बाहेरचा माणूस काहीतरी सांगू शकतो. साखरेतलं ओ की ठो न कळणाराही सांगू शकतो. परदेशी वाचकासाठी सहकारी कारखाना म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगा, दोन पानांत नको.

कागदपत्रं

टिपणाशिवाय थोडक्यात परिचय तयार ठेवा. सहलेखक असतील, विशेषतः गाइड, तर त्यांची संमती अर्जाआधी ई-मेलवर घ्या. तोंडी ‘हो हो, पाठव’ पुरेसं नाही. संस्थेची माहिती वापरत असाल तर त्या संस्थेचं परवानगीपत्र आणि तुमच्या विद्यापीठाच्या एथिक्स समितीची मंजुरी हाताशी असू द्या. कारखान्याचं नाव टिपणात घालू नका. नुसतं ‘कारखाना अ’ म्हणून भागत नाही. तालुका, स्थापनेचं वर्ष आणि अध्यक्षांचा पक्ष लिहिलात की सांगलीतला कुणीही नाव ओळखेल.

व्हिसाचं गणित अधिवेशन कुठे आहे त्यावर ठरतं. २०२५चं कोपनहेगनला झालं, म्हणजे शेंगेन व्हिसा. २०२६साठी ठिकाण फिलाडेल्फिया, म्हणजे अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा. त्यासाठी पासपोर्ट, डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, १८५ डॉलर अर्जशुल्क (व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही), बोटांचे ठसे आणि मग वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात बीकेसीत आहे. सोबत आयोजकांचं निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती आणि विद्यापीठाचं ‘हा आमचा विद्यार्थी असून रजा मंजूर आहे’ असं पत्र ठेवा. मुलाखतीची तारीख मिळायला महिनेही लागू शकतात, म्हणून निवडीचा ई-मेल येईपर्यंत थांबू नका. मुख्य अधिवेशनाला जायचं नक्की असेल तर आधीच रांगेत लागा.

पैशांसाठी आधी स्वतःच्या संस्थेचा प्रवासनिधी विचारा. तिथे स्वीकृतीचा ई-मेल मागतात, आणि कार्यशाळेतला सहभाग म्हणजे ‘पेपर प्रेझेंटेशन’ नाही म्हणून फाइल परत येऊ शकते. ती शक्यता धरून विभागप्रमुखांकडून एक पत्र आधीच घ्या: निवड अर्जांमधून झाली आहे आणि विद्यार्थी स्वतःचं काम तिथे मांडणार आहे, एवढ्या दोन ओळी त्यात स्पष्ट हव्यात.