बेळगावचा खासदार आणि बेळगावचा आमदार: दोन मतदारसंघांतला घोळ

निवडणूक जवळ आली की सीमाभागात एक प्रश्न हमखास निघतो: विधानसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा ही मागणी करणारी संघटना, पुढे नुसती ‘समिती’) आमदार निवडून यायचे, मग लोकसभेला समितीचा खासदार एकदाही का झाला नाही? चर्चा लगेच गटबाजीवर आणि पुढाऱ्यांवर घसरते. ती कारणे खोटी नाहीत. पण आधी नकाशा समोर घ्यावा. बेळगाव लोकसभा मतदारसंघ वेगळा आणि बेळगाव हे नाव लावणारे विधानसभा मतदारसंघ वेगळे. यात गल्लत झाली की पुढचे सगळे गणित चुकते.

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत. त्यांतल्या आठ मिळून बेळगाव लोकसभा होते: अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती यल्लम्मा आणि रामदुर्ग. निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी या आठ चिक्कोडी लोकसभेत जातात. उरलेल्या दोन, खानापूर आणि कित्तूर, थेट उत्तर कन्नड लोकसभेत. तिथे त्यांच्या जोडीला हल्याळ, कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी आणि यल्लापूर आहेत.

आता बेळगाव लोकसभेच्या आठ जागा नीट पाहा. निव्वळ शहरी म्हणाव्यात अशा दोनच, उत्तर आणि दक्षिण. ग्रामीण शहराला खेटून आहे. बाकीच्या पाच पूर्वेला घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यात, कन्नडबहुल आणि शेतीच्या राजकारणावर चालणाऱ्या. मतदारसंघाला नाव शहराचे असले तरी निकाल एकटे शहर लावू शकत नाही. टिळकवाडी-शहापूरमधली हवा बघून लोकसभेचा अंदाज बांधणारे इथेच फसतात.

मराठी मतदाराची विभागणी तर याहून जास्त झाली आहे. शहर आणि पश्चिमेची गावे बेळगाव लोकसभेत, निपाणी चिक्कोडीत, खानापूर उत्तर कन्नडमध्ये. काकतीचे उदाहरण घ्या. गाव बेळगाव तालुक्यातले, महामार्गावर शहराला लागून, सगळा व्यवहार बेळगावशी. पण विधानसभेला ते यमकनमर्डीत मोडते, म्हणून तिथला मतदार चिक्कोडीचा खासदार निवडतो. कडोलीचेही तेच. खानापूरकराचा बाजार, दवाखाना, कॉलेज बेळगावात. त्याचा खासदार मात्र कारवार-शिरसीकडच्या मतांवर ठरतो. 2024 ला खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर काँग्रेसकडून उभ्या राहिल्या त्या उत्तर कन्नडमधून, आणि विश्वेश्वर हेगडे कागेरी यांच्याकडून हरल्या. ही लढत बेळगाव लोकसभेची समजणारे तेव्हा बरेच होते.

हा नकाशा पहिल्यापासून असा नव्हता. 1952 साली बेळगाव मुंबई राज्यात होते आणि जिल्ह्यात बेळगाव उत्तर व बेळगाव दक्षिण अशा लोकसभेच्याच दोन जागा होत्या. आज उत्तर-दक्षिण म्हटले की विधानसभा समजायची. जुन्या यादीत हीच नावे लोकसभेची आहेत, हे वाचताना लक्षात ठेवावे. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. 1957 पासून बेळगाव लोकसभेवर 1991 पर्यंत काँग्रेसचेच वर्चस्व राहिले. शेवटच्या चार निवडणुका, 1980 ते 1991, एस. बी. सिदनाळ यांनी जिंकल्या. 1996 ला जनता दलाचे शिवानंद कौजलगी, 1998 ला भाजपचे बाबागौडा पाटील, 1999 ला काँग्रेसचे अमरसिंह पाटील आणि 2004 पासून सलग भाजप. सुरेश अंगडी सलग चार वेळा निवडून आले. रेल्वे राज्यमंत्री असताना सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले.

विधानसभेचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला. 2008 च्या पुनर्रचनेआधी शहराला एकच जागा होती आणि शेजारी उचगाव व बागेवाडी होत्या. उचगाव हा समितीचा बालेकिल्ला. पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी गेल्या, शहराच्या दोन जागा झाल्या आणि ग्रामीण आली. त्याच वर्षी समितीची पाटी कोरी राहिली. 2013 ला दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले. 2018 आणि 2023 ला पुन्हा कोणी नाही, तरी 2023 ला दक्षिणमध्ये दुसऱ्या क्रमांकावर समितीचेच रमाकांत कोंडुसकर होते. एका जागेत मराठी मते एकवटली तर विजय आवाक्यात येतो, हे यातून दिसते. लोकसभेत तीच मते आठ जागांच्या बेरजेत विरून जातात.

2021 ची पोटनिवडणूक याचा सर्वांत स्पष्ट नमुना. भाजपच्या मंगला अंगडी यांना 4,40,327 मते, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना 4,35,087. फरक फक्त 5,240. समितीचे शुभम शेळके यांनी 1,17,174 मते घेतली. एवढी मते एकाच विधानसभा मतदारसंघात पडली असती तर माणूस आमदार झाला असता. इथे अनामतही वाचली नाही. ती वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. पहिल्या तिघांचीच बेरीज 9,92,588 होते आणि तिचा सहावा हिस्सा 1,65,431 च्या पुढे जातो. आमच्या मते तरीही ती मते वाया गेली असे म्हणणे चूक आहे; दोन मोठ्या पक्षांमधल्या फरकाच्या वीसपटीहून अधिक मते एका मागणीमागे उभी राहिली, याची नोंद दोघांनाही घ्यावी लागली.

लोकसभेचा वापर निषेधासाठी त्याआधीही झाला आहे. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी 1996 ला समितीने उमेदवारांची रांगच लावली आणि बेळगाव लोकसभेत एकूण 456 उमेदवार झाले. तेव्हा अनामत होती 500 रुपये. त्याच वर्षी कायदा बदलला: अनामत 10,000 झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक सक्तीचे झाले. पुढे अनामत 25,000 वर गेली. तरी 2019 ला इथे 57 उमेदवार होते, त्यांतले बरेच समितीने उभे केलेले. मतदान यंत्राच्या एका मतपत्र युनिटवर 16 बटणे असतात. 57 उमेदवार आणि नोटा मिळून 58, म्हणून प्रत्येक केंद्रावर चार युनिटे जोडावी लागली.

विधानसभेच्या आकड्यांवरून लोकसभेचा निकाल सांगायचा मोह टाळावा. मे 2023 ला या आठांपैकी पाच जागा काँग्रेसच्या होत्या (उत्तर, ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग) आणि तीन भाजपच्या. वर्षभरात, 2024 ला, भाजपचे जगदीश शेट्टर यांनी काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर यांना 1,78,437 मतांनी हरवले.

शेट्टर हुबळीचे, मग बेळगावात कसे, असे अनेकांनी विचारले होते. लोकसभेला देशातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले तरी चालते. विधानसभेला मात्र त्याच राज्याचा मतदार असावे लागते. म्हणून कोल्हापूरचा मतदार बेळगाव लोकसभा लढवू शकतो, बेळगाव दक्षिण विधानसभा लढवू शकत नाही. विधानसभेची अनामत 10,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला दोन्हीकडे निम्मी.

मतदारासाठी यादी एकच. ती विधानसभा मतदारसंघनिहाय, भाग क्रमांकांत तयार होते आणि आठ याद्या एकत्र केल्या की लोकसभेची यादी होते. लोकसभेसाठी वेगळी नोंदणी नसते. आपला मतदारसंघ तालुक्यावरून ठरवू नका. ओळखपत्रावरचा तीन अक्षरे आणि सात आकडे असा क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकला की विधानसभा, भाग आणि अनुक्रमांक दिसतो. घर बदलले तर नमुना 8 भरायचा, नव्याने नमुना 6 भरायचा नाही. नाहीतर नाव दोन ठिकाणी राहते आणि पडताळणीत अडकते. उत्तरमधून दक्षिणमध्ये गेलात तर फक्त आमदार बदलतो. खानापूर किंवा काकतीहून शहरात आलात तर आमदार आणि खासदार दोन्ही बदलतात. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर आलेला अर्ज त्या निवडणुकीपुरता धरला जात नाही, म्हणून तारखा जाहीर व्हायच्या आधीच हे काम उरकून घ्यावे.