राणी दिसेना, म्हणून खुर्च्या रिकाम्या: बॅले आणि दरबारी पोशाखाची अठराव्या शतकातली गंमत

1728 साली फ्रान्सचा मुख्य मंत्री कार्डिनल फ्लरी एका विचित्र पेचात सापडला. राजा पंधरावा लुई जेमतेम अठरा वर्षांचा, त्यामुळे कारभार या वृद्ध धर्मगुरूच्या हातात. पेच ना तहाचा होता ना करांचा. तो होता नाटकगृहातल्या खुर्च्यांचा. राणी नाटकाला बसली की शेजारी बसलेल्या राजघराण्यातल्या दोघींचे घागरे दोन्हीकडून उसळून वर येत आणि राणी त्यांच्यामागे दिसेनाशी होई. तोडगा निघाला तो असा, की राणीच्या डाव्या-उजव्या बाजूची एकेक खुर्ची रिकामी ठेवायची. लगेच त्या दोघी म्हणाल्या, मग आमच्या आणि डचेस म्हणजे ड्यूक सरदारांच्या बायकांच्या मध्येही तेवढंच अंतर हवं. पॅरिसच्या बार्बिये नावाच्या वकिलाने हा सगळा प्रकार आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला आहे. तो वाचताना आपल्याकडच्या विहिणींचे मानपान परवडले असं वाटतं.

हे घागरे फुगवायचं काम करी ते पानिये. कमरेला बांधायचा हा सांगाडा वेताचा किंवा व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांचा असे. सुरुवातीला तो गोल होता. पुढे समोरून आणि मागून चपटा झाला आणि फक्त कुशींवर पसरत गेला, इतका की बाईला दारातून बाजूने वळून जावं लागे. एवढ्या कापडावर भरतकाम दाखवायला जागा भरपूर मिळे आणि अर्थातच तोच उद्देश होता. हे पानिये घालून नाचायचंही असे. दरबारात आणि रंगमंचावरही.

रंगमंचावर का, याचं उत्तर आधीच्या शतकात आहे. फ्रान्समध्ये बॅले जन्माला आला तो दरबाराचा खेळ म्हणून. 1653 मध्ये चौदा वर्षांचा चौदावा लुई ‘रात्रीचा बॅले’ या खेळात उगवत्या सूर्याच्या सोनेरी वेशात नाचला आणि पुढे जन्मभर ‘सूर्यराजा’ म्हणून मिरवला. 1661 मध्ये त्यानेच नृत्याची शाही अकादमी काढली. राजाने नाचणं सोडलं तशी दरबाऱ्यांची हौसही ओसरली आणि नाच पोटासाठी नाचणाऱ्यांच्या हाती गेला. पॅरिसच्या ऑपेराच्या मंचावर व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा आल्या त्या 1681 मध्ये. तोवर तिथे नाचातल्या बायकांच्या भूमिका पुरुषच करत. पण नाचणारे बदलले तरी कपडेपट दरबारीच राहिला. देव, वीर, अप्सरा ही सगळी मोठी माणसं. मग ती मोठ्या माणसांसारखीच सजणार, असा सरळ हिशेब होता. रोमन योद्धा आला तरी डोक्यावर पिसांचा तुरा, पावडर लावलेला केसांचा टोप, उंच टाचेचे बूट आणि कमरेला तोनले. तोनले म्हणजे पुरुषांचं पानियेच, गुडघ्याच्या वर संपणारा ताठ, फुगीर झगा. त्यावर चेहऱ्याला मुखवटा.

यात पुरुषांचं एका बाबतीत फावलं. त्यांचे पाय मोकळे होते. उड्या, गिरक्या, हवेतले झटके ही सगळी कसरत त्यांच्या वाट्याला आली. बायका जमिनीपर्यंतच्या घागऱ्यात, घट्ट आवळलेल्या कॉर्सेटमध्ये तरंगत राहिल्या. त्या घागऱ्याखाली पाय काय करतात हे कुणाला दिसत नव्हतं, म्हणून फार काही करायची गरजही नव्हती.

मारी कामार्गोला हे पटलं नसावं. ब्रसेल्समध्ये जन्मलेल्या या मुलीने 1726 मध्ये पॅरिसच्या ऑपेरात पहिलं पाऊल टाकलं आणि पुरुषांच्या उड्या स्वतः मारून दाखवल्या. उडीत हवेतल्या हवेत पावलं झटकन एकमेकींवरून फिरवायची तर ती प्रेक्षकांना दिसायला हवीत. म्हणून तिचा घागरा घोट्याच्या वर सरकला. चित्रकार लांक्रेने काढलेल्या तिच्या चित्रात पानिये आहे, फुलांच्या माळा आहेत, रेशीम आहे, पण खाली दोन्ही पावलं लख्ख दिसतात. बोटभर कापड कमी झालं आणि पॅरिसला बोलायला विषय मिळाला.

तिची समकालीन मारी साले वेगळ्या पिंडाची. तिला कसरतीत रस नव्हता, अभिनयात होता. 1734 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये तिने पिग्मेलियनची गोष्ट नाचून सांगितली. त्यात शिल्पकाराने घडवलेला पुतळा जिवंत होतो. आता ग्रीक पुतळा पानिये घालून कसा उभा राहील? साले आली ती सांगाडा नाही, टोप नाही, दागिना नाही, केस मोकळे, अंगावर पुतळ्यासारखी लपेटलेली साधी मलमल, अशी. लंडनहून आलेल्या पत्राच्या आधारे ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या फ्रेंच नियतकालिकाने ही बातमी छापली, तेव्हा त्यात काय घातलं होतं यापेक्षा काय नव्हतं याचीच यादी मोठी होती. फ्रेंच लेखक व्होल्तेरने दोघींवर मिळून कविता केली: वनदेवता उड्या मारतात त्या कामार्गोसारख्या, सौंदर्यदेवता नाचतात त्या सालेसारख्या. दोघींना खूश करायची ही युक्ती फार हुशारीची आहे. त्यातून तो कुणाच्या बाजूचा होता ते मला तरी कळलेलं नाही.

तिकडे व्हर्सायच्या राजवाड्यात मात्र पोशाखाचा गोंधळ वाढतच होता. फेब्रुवारी 1745 मध्ये युवराजाच्या लग्नानिमित्त मुखवट्यांचा नाच झाला. पंधरावा लुई त्यात बागेतल्या कातरलेल्या यू वृक्षाच्या वेशात आला आणि त्याच्यासोबत तशीच आणखी काही झाडंही आली, म्हणजे राजा कुठला ते ओळखू नये. पुढे राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर म्हणून गाजलेली बाई आणि हे झाड यांची जवळीक त्याच रात्री दरबाराच्या नजरेत भरली.

बॅलेच्या कपडेपटावर खरा हल्ला चढवला तो नृत्यगुरू झाँ-जॉर्ज नोव्हेरने. (29 एप्रिलला जागतिक नृत्यदिन असतो तो याच्याच जन्मदिवशी.) 1760 मध्ये छापलेल्या नृत्यविषयक पत्रांत त्याने मागणी केली, की मुखवटे फेकून द्या, चेहरा झाकला तर अभिनय करायचा कशाने? तोनलेबद्दल तो म्हणतो, काही पवित्र्यांत ते नर्तकाचा नितंब थेट खांद्यापाशी नेऊन ठेवतं. नर्तकींचं पानियेही त्याला तीन-चतुर्थांशाने कमी करायचं होतं. एक-चतुर्थांश का शिल्लक ठेवलं हा प्रश्न उरतोच, पण सुधारकालाही नोकरी टिकवायची असते.

मुखवटा गेला, पण तत्त्वासाठी नव्हे. 1770च्या दशकात नर्तक मॅक्सिमिलियँ गार्देलला ऑपेरात नामांकित नर्तक गाएतां व्हेस्त्रिसच्या जागी नाचायचं होतं. मुखवट्याआड प्रेक्षक आपल्याला व्हेस्त्रिस समजतील आणि टाळ्या त्याच्या खात्यावर जातील, म्हणून त्याने मुखवटा घालायला साफ नकार दिला. व्हेस्त्रिस तर स्वतःला युरोपातल्या तीन थोर पुरुषांत मोजायचा. उरलेले दोन म्हणजे प्रशियाचा राजा फ्रेडरिक आणि व्होल्तेर. अशा माणसाला आपली टाळी कोण देईल?

नोव्हेरची एक जुनी शिष्या व्हिएन्नाहून येऊन फ्रान्सची राणी झाली होती, मारी आंत्वानेत. तिच्याच वशिल्याने 1776 मध्ये तो पॅरिसच्या ऑपेराचा बॅलेगुरू झाला. राणीच्या केशरचना तोवर आभाळाला भिडल्या होत्या. 1778 मध्ये ‘बेल पूल’ या युद्धनौकेने इंग्रजांशी टक्कर दिल्यावर तर डोलकाठ्यांसकट जहाज डोक्यावर मिरवायची टूम निघाली. पण त्याच राणीला खाजगीत साधेपणाचं वेड होतं. 1783 च्या प्रदर्शनात एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँने तिचं चित्र मांडलं. त्यात पानिये नव्हतं, रेशीम नव्हतं. पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला फीत आणि गवती टोपी. लोक खवळले. राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणाले. शिवाय त्या काळी युरोपातली उंची मलमल म्हटली की डोळ्यांपुढे बंगाल येई. राणीच असलं सुती कापड घालू लागली तर लियाँच्या रेशीम विणकरांनी खायचं काय, अशी ओरड झाली. चित्र उतरवावं लागलं आणि त्याजागी रेशमी पोशाखातलं दुसरं आलं. सालेने लंडनला मलमल गुंडाळली त्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती. नाचणारणीला टाळ्या मिळाल्या, राणीला शिव्या. फ्रेंच दरबारात कोणाला काय परवडत होतं ते यावरून कळतं.

पुढचं काम क्रांतीने केलं. ऑक्टोबर 1793 मध्ये, राणीचा शिरच्छेद झाला त्याच महिन्यात, कोणी काय घालावं याचं स्वातंत्र्य कायद्याने जाहीर झालं. पानिये गेलं, टाच गेली, पावडर गेली. नर्तकींच्या पायांत सपाट, पातळ तळव्याचे जोडे आले आणि अंगावर ग्रीक धाटणीचे तलम झगे.

एक दरबारी सवय मात्र कुणाला काढावीशी वाटली नाही. रेशमी मोज्यातली पोटरी आणि बुटाची लाल टाच नीट दिसावी म्हणून सरदार पाऊल बाहेर वळवून उभे राहात. चौदाव्या लुईचा नृत्यगुरू पियेर बोशाँ याने ठरवलेल्या पावलांच्या पाच मूळ स्थिती याच ठेवणीवर बेतलेल्या आहेत. अठराव्या शतकात दोन पावलांत साधारण नव्वद अंशांचा कोन पुरे होता. कपडे उतरत गेले, पाय उघडे पडले आणि हा कोन वाढत गेला. आता बॅलेच्या वर्गात मुलांकडून पूर्ण एकशे ऐंशी अंशांची अपेक्षा असते.