नाशिकच्या डोंगरवाटा आणि सायकल : ट्रेलच्या मागणीमागचा इतिहास

नाशिकच्या पश्चिमेला माउंटन बाइक, म्हणजे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलींचा, पार्क व्हावा, निदान चार-दोन ट्रेल, म्हणजे अशा सायकलींच्या मातीच्या वाटा, अधिकृत व्हाव्यात, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते आणि पुन्हा विरते. पैसा नाही, चालवणारे नाहीत, अशी कारणं पुढे केली जातात, पण ती तितकीशी खरी नाहीत. घोडं अडतं ते जमिनीपाशी. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जिथे सायकलला मजा येईल असा उतार आहे, तिथली जमीन बहुतेक वनखात्याची; नसेल तर गायरान, नाहीतर धरणाच्या संपादित क्षेत्रातली. खासगी मालकीची असते ती सपाटीला, आणि तिथे द्राक्षं असतात.

जुना काळ थोडक्यात. थळ घाट चढून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर ‘राखीव’ व्हायला लागले आणि लाकूडफाट्याच्या, गुरांच्या, बाजाराच्या वाटा कागदोपत्री सरकारच्या झाल्या. माणसं आणि गुरं चालत राहिली, म्हणून त्या बुजल्या नाहीत. १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झाल्यावर पाण्याच्या कडेने आणखी काही कच्च्या वाटा पडल्या. सायकल तेव्हा नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधल्या आणि सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची, दूधवाल्यांची होती. डोंगरात ती गेलीच तर खांद्यावरून.

माउंटन बाइक हा प्रकार कॅलिफोर्नियातला, १९७० च्या दशकातला. जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडण्याच्या उचापतीतून तो निघाला. १९८१ पासून अशा सायकली कारखान्यात बनू लागल्या, १९९० मध्ये पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाला जागा मिळाली. आपल्याकडे गिअरच्या सायकली दुकानांत सहज दिसू लागल्या त्या २००० नंतरच्या दशकात. नाशिकमध्ये त्यांचा जोर रस्त्यावरच राहिला. २०१५ मध्ये इथल्या दोन डॉक्टर भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर शहरात सायकल म्हणजे लांब पल्ला हे समीकरण पक्कं झालं. २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या, पंढरपूरची सायकलवारी, पहाटे त्र्यंबक रस्ता. मागण्याही तशाच होत्या, शहरात सायकल ट्रॅक हवा वगैरे. त्यातला एक त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या सव्वा किलोमीटरच्याही आतल्या ‘स्मार्ट’ रस्त्यावर झालासुद्धा. त्यावर दुचाक्या लागलेल्या असतात, हे नाशिककरांना सांगायला नको.

मातीतली सायकल या सगळ्याच्या मागे राहिली. आज ज्यांना ट्रेल म्हटलं जातं त्यातले बहुतेक दुसऱ्याच कामासाठी झालेले आहेत. गुरवाटा, पाणंद, यात्रांच्या पायवाटा आणि जाळरेषा. उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून वनमजूर डोंगरउतारावर गवत कापून, जाळून जी पट्टी मोकळी करतात ती जाळरेषा सायकलला आयती मिळते. अडचण अशी की ती सरळ चढते, वळत नाही, त्यामुळे पहिल्या वळवाच्या पावसात तिचा ओहोळ होतो. उलट सलग समतल चर, म्हणजे डोंगरउतारावर एकाच पातळीत आडवा खणलेला चर, हा सायकलवाल्याचा शत्रू. साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल, वरून गवताने झाकलेला. पुढचं चाक त्यात गेलं की माणूस हँडलवरून पुढे. पाणी अडवण्यासाठी तो हवाच, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. वाट आखणाऱ्याला चर कुठून जातो ते आधी ठाऊक हवं, इतकंच.

पावसाचा हिशेब वेगळाच. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे ५०० च्या आसपास घुटमळतो. ट्रेलबांधणीचे परदेशी संकेत सांगतात की वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून तो कधीही जास्त नको. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवं उतरून जातं. मुरमाच्या टेकडीवर हे जमतं. काळ्या मातीत जुलैपासून टायरला चिखलाचा थर चढतो आणि चाक फिरायचंच थांबतं. म्हणून इथला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यानंतर गवत वाळतं, वणव्याची भीती सुरू होते आणि जंगलात शिरणाऱ्या प्रत्येकाकडे, योग्यच आहे ते, संशयाने पाहिलं जातं.

आता खरा गुंता. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमिनीचा ‘वनेतर वापर’ केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही, आणि वनेतर वापर म्हणजे जमीन फोडणं किंवा साफ करणं, असं कायदाच सांगतो. असलेल्या पायवाटेवरून सायकल नेली तर जमीन फुटत नाही. तीच वाट वळवली, कडेला दगडांची बांधणी केली, मातीचा उंचवटा घातला की फुटते. या दोन टोकांच्या मध्ये सगळं अडकलं आहे. वाटेवर पडलेलं झाड बाजूला करणं कशात मोडतं? घाणेरी छाटणं? पाणी बाहेर काढायला फावड्याने खणलेली वीतभर नाली? एखादा वनपाल हसून सोडून देतो, दुसरा १९२७ च्या कायद्यातलं राखीव वनात विनापरवाना शिरण्याचं कलम काढतो. दोघेही नियमातच असतात.

गावाच्या बाजूने पाहिलं तर २००६ च्या वनहक्क कायद्यात एक फट दिसते, पण ती अपुरी आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर तेरा प्रकारच्या सुविधा करता येतात. प्रत्येकीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पर्यंतच झाडं तोडण्याची मुभा. यादीत शाळा आहे, अंगणवाडी आहे, पाण्याची टाकी आणि रस्तेसुद्धा आहेत. खेळाचं मैदान नाही, सायकलवाट तर नाहीच. ‘रस्ते’ या शब्दात ट्रेल बसवावा असं काही उत्साही मंडळी सुचवतात. माझ्या मते ही पळवाट आहे आणि ती गावाच्या अंगाशी येईल, कारण रस्ता म्हटला की त्यावर उद्या जीपही येते.

२०२३ मध्ये १९८० चा वन संवर्धन कायदा दुरुस्त झाला. वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा वनेतर वापरातून वगळल्या गेल्या, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तरतूद लागू झाली. सायकलवाल्यांना वाटलं, सुटलो. मात्र त्याच तरतुदीत सफारी आणि प्राणिसंग्रहालयंही होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने प्राणिसंग्रहालयं आणि सफारींना न्यायालयाची मंजुरी बंधनकारक झाली, शिवाय ‘वन’ या शब्दाची १९९६ च्या निकालातली व्यापक व्याख्या, म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे जे वन ते सगळं, कायम राहिली. सायकलीचा उल्लेख कुठेच नाही. मग अधिकारी सावध पवित्रा घेतात आणि कागद वर पाठवतात.

गायरानाचा पर्याय २०११ मध्येच आक्रसला. गावच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जानेवारीत निकाल दिला आणि पाठोपाठ राज्य शासनाच्या आदेशाने गायरान दुसऱ्या कामाला देणं जवळपास बंद केलं. उरली खासगी जमीन. २०२० चं कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ चं साहसी पर्यटन धोरण तिच्यासाठी उपयोगी पडू शकतं. द्राक्षबागेच्या कडेला दोन एकरांत उंचवट्यांचा छोटा ट्रॅक करणारा शेतकरी उद्या निघालाही असता, पण त्याला डोंगर कुठून द्यायचा?

दरम्यान डोंगरही बदलले. रामशेज किल्ल्याजवळचा बोरगड २००८ मध्ये, तर अंजनेरीचा सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटरचा भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव, म्हणजे वन्यजीवांसाठी कायद्याने राखलेलं क्षेत्र, झाला. अंजनेरीवर गिधाडांची घरटी आहेत, आणि कंदीलपुष्पाची एक जात २००६ मध्ये तिथूनच जगाला कळली. त्याच डोंगरावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा निसर्गप्रेमी आणि सायकलवाले एका बाजूला उभे राहिले. ट्रेलचा विषय निघाला की या दोघांची वाट वेगळी होते. सायकलने पठारावरची फुलं तुडवली जातात हा आक्षेप खोटाही नाही. संवर्धन राखीवच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. तिथे गावाचा कौल शहरी सायकलवाल्यांच्या बाजूने पडेलच असं समजू नये. पावसाळ्यात गर्दीच्या ठिकाणी वन समित्या घेत असलेल्या शुल्कातून चार रुपये गावात राहतात. सायकलवाला मात्र पहाटे येतो आणि चहाच्या आधी निघून जातो.

सिंहस्थाची कामं या सगळ्यावर स्वार झाली आहेत. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७, दर खेपेला त्र्यंबकचा रस्ता रुंद होतो आणि रस्त्याला मिळणाऱ्या जुन्या वाटांची तोंडं भरावाखाली जातात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यावर सायकलला बंदी आहे. वनखात्याची कार्य आयोजना दहा वर्षांची असते. २०२३ च्या दुरुस्तीचा फायदा हवा असेल तर ट्रेलचं नाव त्यात आधी यावं लागेल, आणि त्यासाठी वाट नकाशावर आखून, ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज द्यावा लागेल.