फिटची दुसरी गोळी सुरू झाली? पहिली बंद करू नका

चिठ्ठीवर नवीन गोळी दिसली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "मग आता जुनी बंद ना?" नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं नसेल तर जुनी गोळी होती तशीच, त्याच वेळेला घ्यायची आणि नवी तिच्या जोडीला. फिटची गोळी एकदम थांबवली तर फिट लागोपाठ येऊ शकतात आणि मग पेशंटला आयसीयूत न्यावं लागतं.

दुसरी गोळी लागली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही. पहिल्या औषधावर साधारण निम्म्याच लोकांच्या फिट थांबतात. बाकीच्यांचं औषध बदलावं किंवा वाढवावं लागतं.

नवी गोळी कमी पॉवरने सुरू होते, त्याला कारण असतं. लॅमोट्रिजीन या फिटच्या गोळीचंच बघा. आधीची गोळी व्हॅल्प्रोएटची (हेही फिटचंच औषध) असेल तर ती लॅमोट्रिजीनला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणून मोठ्या माणसांना सहसा पहिले 2 आठवडे 25 मिलिग्रॅमची गोळी दिवसाआड, पुढचे 2 आठवडे रोज एक अशी देतात. घाई केली तर अंगावर पुरळ उठण्याची भीती वाढते, आणि क्वचित ते जिवावर बेततं. पुरळ, ताप, तोंडात फोड यांतलं काहीही दिसलं तर "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लॅमोट्रिजीन काही दिवस राहून गेली असेल तर एकदम पूर्ण डोस घेऊ नका, आधी विचारा.

फिटच्या बाकी गोळ्यांचंही असंच काही ना काही असतं. क्लोबाझमने झोप येते. तिच्यावर दारू अजिबात नको. लेव्हेटिरासेटॅमने काहींची चिडचिड वाढते. पेशंटच्या हे लक्षात येत नाही, घरच्यांच्या येतं, तेव्हा त्यांनीच डॉक्टरांच्या कानावर घालावं. किडनीचा त्रास, गर्भनिरोधक गोळ्या, दिवस राहिलेत किंवा तसा विचार आहे, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर नक्कीच.

पाकिटावर 'सीआर' (म्हणजे औषध पोटात हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कुटू नका, चावू नका. कंपनी बदलून हवी असेल, भले स्वस्त पडो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही देत नाही. पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की चिठ्ठी घेऊन या. चिठ्ठीशिवाय ही औषधं देता येत नाहीत.

फिट आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पेशंटला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.