इअरफोनच्या टिपा बदलताना

कानात बसणाऱ्या इअरफोनच्या टोकाला जो मऊ भाग असतो, त्याला कोणी रबर म्हणतात, कोणी टिप. या पत्रकात आम्ही टिप हाच शब्द वापरला आहे. कानाला टोचू नये एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कानाची नळी तोंडाशी हवाबंद करणे हे त्याचे मुख्य काम आहे. टिप आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खर्जातील आवाज क्षीण होतो आणि गाणे पातळ ऐकू येते. म्हणून बेस कमी झाल्यासारखा वाटला, तर इअरफोन बिघडला असे ठरवण्यापूर्वी टिप तपासावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

बहुतेक इअरफोनसोबत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टिपा मिळतात, परंतु मध्यम टिप आधीच बसवलेली असल्याने उरलेल्या दोन जोड्या पुष्कळदा खोक्यातच पडून राहतात. त्या जरूर वापरून पाहाव्यात. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतील असे नाही. त्यामुळे एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप वापरण्यात काहीही गैर नाही. माप पाहण्यासाठी बेस स्पष्ट असलेले गाणे लावावे आणि इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबावा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर टिप लहान पडते आहे किंवा नीट बसलेली नाही. उलट कानात ताण जाणवत असेल किंवा इअरफोन सारखा बाहेर सरकत असेल, तर टिप मोठी असू शकते.

नवीन टिपा विकत घेताना बाहेरच्या मापाइतकेच आतल्या छिद्राचे मापही महत्त्वाचे असते, कारण ती ज्या छोट्या नळीवर, म्हणजे नॉझलवर बसते, तिची जाडी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. काही नॉझल गोल नसून लंबगोल असतात, तर काही वायरलेस इअरफोनमध्ये टिप खटका बसवून अडकवावी लागते. सैल टिप नॉझलवरून निसटून कानातच राहू शकते, आणि हीच चूक आम्हाला सर्वांत काळजीची वाटते. तसे झाल्यास चिमटा, काडी किंवा पिन कानात घालू नये, कारण टिप आणखी आत ढकलली जाते. डॉक्टरांकडूनच ती काढून घ्यावी.

जुनी टिप काढताना वायर न ओढता इअरफोनचे अंग एका हातात धरावे आणि टिप मुळाशी पकडून किंचित फिरवत ओढावी. सिलिकॉनच्या नव्या टिपेचा बाहेरचा पदर उलटा दुमडला, तर आतला गाभा नीट हाती येतो. तो नॉझलच्या कडेपलीकडे जाईपर्यंत दाबावा आणि मग पदर सरळ करावा. तेल किंवा मलम लावू नये. शेवटी टिप हलकेच ओढून पाहावी. ती निघता कामा नये.

सिलिकॉनची टिप टिकाऊ असते आणि काढून कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुता येते. मात्र पूर्ण वाळल्याशिवाय ती परत बसवू नये. फोमची टिप बोटांनी दाबून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून ती आत सरकवावी आणि फुगेपर्यंत काही सेकंद तशीच धरून ठेवावी. ती बाहेरचा गोंगाट चांगला अडवते, पण लवकर झिजते. दाबल्यावर ती पूर्ववत फुगेनाशी झाली, की बदलावी. प्रवासात ऐकणाऱ्यांना आम्ही फोमच सुचवतो, कारण गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. प्रौढांनी आठवड्याला 40 तास ऐकायचे असल्यास पातळी सरासरी 80 डेसिबलपर्यंतच असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

टिप काढलेली असताना नॉझलवरील जाळीही पाहावी. मळ असल्यास जाळी खाली करून कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. टोकदार वस्तूने तो आत लोटला जातो.

वायरलेस इअरफोनच्या बाबतीत नवीन टिपा बसवल्यानंतर दोन्ही इअरफोन केसमध्ये ठेवून झाकण पूर्ण लागते का आणि चार्जिंग सुरू होते का, हे लगेच पाहावे. टिप लांब असली, तर इअरफोन वर उचलला जाऊन चार्ज होत नाही.