ट्रॅक्टरच्या चाकातलं बेअरिंग लेथमध्ये बसवताना

परतूरकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घरगुती लेथ (धातू फिरवत कातायचं यंत्र) आकार घेतोय. बेड, म्हणजे लेथचा पाया, भंगारातला, मोटर कडबाकुट्टीची, आणि हेडस्टॉकसाठी (लेथचं फिरतं डोकं) दोन कोरी टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंग, नंबर ३०२०६. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक कळतं: ३० मिमी. बाहेरचा व्यास ६२. मिस्त्रींचं आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलंय, ही जात त्यांच्या रोजच्या हातातली. घोटाळा झाला तो त्या ओळखीमुळेच.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात हब फिरतो, आख थांबलेला. म्हणून बेअरिंगची बाहेरची कडी, म्हणजे कप, हबमध्ये ठोकून घट्ट, आणि आतली कडी, म्हणजे कोन, आखावर हाताने सरकेल अशी. मिस्त्रींनी स्पिंडलही, म्हणजे हेडस्टॉकमधला फिरता दांडा, तसंच घासून घेतलं. "सैल कुठंय? ग्रीस हाय की!"

लेथमध्ये फिरतं ते स्पिंडल, आणि हत्याराचा दाब येतो एकाच बाजूने. कोन ०.०३ मिमी सैल असला तर मनगटातल्या बांगडीसारखा तो स्पिंडलवर लोळतो. दोघांच्या परिघात फरक ०.०९४ मिमी, तेवढा तो दर फेऱ्याला मागे पडतो. मिनिटाला ६०० फेरे धरले तर तासाला सुमारे ३.४ मीटर घासणं झालं. ग्रीस याला काय करणार? दाबाच्या हिशेबात जी कडी फिरते ती घट्ट हवी, जी थांबते ती थोडी हलकी चालते. म्हणून चकाकडचा (चक म्हणजे काम पकडणारा जबडा) कोन तेलात ९० अंशांपर्यंत तापवून चढवायचा. मागचा जरा हलका, कारण त्याला नटाने पुढे रेटायचं असतं.

मांडणी मात्र हबसारखीच: रोलरची निमुळती टोकं एकमेकांकडे, कपांना टेकायला मधल्या बाजूला खांदा.

आता खरं काम, हाउसिंग, म्हणजे कप ज्या भोकात बसतात ते घर. कप जाडजूड दिसला तरी भोकाचाच आकार घेतो. भोक लंबगोल असेल तर महागातलं बेअरिंगही लंबगोल होऊन बसतं. मिस्त्री जाड पाइपाचे दोन तुकडे प्लेटवर वेल्ड करणार होते, तेही आधी बोअर करून, म्हणजे भोक आतून कातून. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपाला ओढतो, म्हणून आधी वेल्ड, मग बोअर, हा क्रम मोडायचा नाही. माझं मत विचाराल तर बिडाचं ओतकाम सगळ्यात बरं (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे). बीड थरथर पितं.

दोन्ही भोकं एका रेषेत यायला हवीत. एक बाजू बोअर करून जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) उलटा बांधला की रेष गेलीच समजा. दुसऱ्या कुणाच्या लेथवर जॉब कॅरेजला (बेडवर सरकणारा भाग) बांधावा, दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकांच्या टोकदार आधारांमध्ये, बोअरिंग बार (भोक कातणारा दांडा) फिरवावा आणि जॉब न सोडता दोन्ही भोकं, दोन्ही खांदे उरकावेत. खांद्यात दोन खाचा ठेवा, उद्या कप काढणाऱ्याला पंच लावायला जागा राहते. गरम जॉब मोजू नका: ३० अंश जास्त तापलेलं ६२ मिमीचं भोक दोन शतांश मिलिमीटर मोठं दिसतं.

पुढे ही रेष बेडला समांतर हवी. १२० मिमीत ०.०५ मिमी तिरकी गेली, तर २४० मिमी लांब जॉबच्या दोन टोकांच्या व्यासात ०.२ मिमी फरक पडतो.

नटाच्या बाबतीतही हब उलटाच. चाकात नट आवळून थोडा मागे घेतात आणि स्प्लिट पिन घालतात, बारीक खेळ, म्हणजे मोकळीक, राहतो. लेथला तो खेळ चालत नाही, जॉबवर लाटा उठतात. खेळ संपल्यावर नट किंचित आणखी आवळायचा, पण फार आवळला की बेअरिंग तापतं. अर्धा तास रिकामं चालवून हाउसिंगला हात लावून बघतात. मे महिन्यात त्या शेडमध्ये न चालवलेलं लोखंडसुद्धा हाताला चटका देतं, म्हणून मिस्त्री आता एक हात बेडवर आणि दुसरा हाउसिंगवर ठेवतात.