‘शिक्षा’ : एका शब्दाच्या दोन वाटा

‘सर्व शिक्षा अभियान’ या केंद्राच्या शालेय योजनेची अक्षरे 2001 नंतर महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर रंगवली गेली, तेव्हा मराठी वाचणाऱ्याला ‘सर्वांना शिक्षा’ असाच अर्थ आधी दिसला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र दंड. हा फरक कसा पडला, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

संस्कृतातील ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’पासून आला असून ‘समर्थ होण्याची इच्छा करणे’ हा त्याचा मूळ भाव आहे. वेदांच्या अभ्यासाला साहाय्य करणाऱ्या सहा शास्त्रांत, म्हणजे वेदांगांत, शिक्षेचे नाव पहिले येते आणि तिथे तिचा अर्थ उच्चारशास्त्र असा आहे. तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्ली या भागात वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान हे तिचे विषय सांगितले आहेत. म्हणजे गुरूने म्हणायचे, शिष्याने तसेच्या तसे म्हणायचे आणि चुकले की पुन्हा म्हणायचे, अशी ती तालीम होती. पालीतील ‘सिक्खा’ आणि मराठीतले ‘शिकणे’ ही याच कुळातली.

शिकवण्यात चूक सुधारणे आले, आणि सुधारण्यातून दंडाचा अर्थ निघाला, असे मला वाटते. ‘शास्’ धातूचीही गत तशीच आहे; शास्त्र, शिष्य आणि शासन हे शब्द त्याच्याच पोटातले, आणि ‘शासन करणे’ म्हणजे दंड देणे हे मराठीत आजही रूढ आहे. ‘चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो, तेव्हाही दोन्ही अर्थ एकत्रच नांदतात. अंगठे धरून उभे केलेल्या मुलाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

या बाबतीत मराठी एकटी नाही. गुजरातीत शिक्षा म्हणजे दंडच, कन्नडमधली ‘शिक्षे’ही तीच, आणि विद्येसाठी दोन्हीकडे ‘शिक्षण’ हा निराळा शब्द आहे. ही वाटणी फार उपयोगाची ठरली, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करते, हे मराठीत कोणताही गोंधळ न होता सांगता येते.

वर्ध्यात 1914 साली स्थापन झालेल्या शिक्षा मंडळासारख्या संस्थांच्या नावांत जुना अर्थ टिकून आहे, आणि ती विशेषनामे असल्याने तशीच राहावीत. सरकारी योजनांची गोष्ट वेगळी. केंद्रातील ‘शिक्षा मंत्रालया’ला 2020 पासून मराठीत शिक्षण मंत्रालय म्हटले जाते, 2018 पासूनची ‘समग्र शिक्षा’ ही शालेय योजना मात्र आपल्याकडे अजून त्याच नावाने चालते, ती ‘समग्र शिक्षण’ व्हायला हवी.